मधुमेहावरील स्टेम सेल सल्ला-सेवा: माहितीपत्रकातील उंदीर नेमके काय सिद्ध करतो?

पुण्यातील एका खासगी स्टेम सेल (म्हणजे ज्यांपासून इतर पेशी घडतात त्या मूळ पेशी) केंद्राच्या मधुमेह-सल्ला सेवेचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण याच धर्तीची माहितीपत्रके मी अन्यत्रही पाहिली आहेत आणि मला जे म्हणायचे आहे ते एका पाटीपुरते मर्यादित नाही. माझा भाचा शाळेत असल्यापासून टाइप १ मधुमेहासाठी इन्सुलिन घेतो आणि आता तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. केंद्राची जाहिरात पाहून माझ्या धाकट्या बहिणीच्या मनात मोठी आशा निर्माण झाली. मी एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राणिगृहात बरीच वर्षे तंत्रसहायक होते आणि मधुमेही उंदरांची देखभाल हे माझ्या रोजच्या कामापैकी एक काम होते, म्हणून तिने मला बरोबर घेतले. त्यामुळे केंद्राने दिलेल्या माहितीपत्रकातील ज्या पानावर इतर लोक सहसा थांबत नसतील, त्या पानावर मी थांबले.

आधी जे चांगले आहे ते सांगते. भेटीची वेळ पाळली गेली, जागा स्वच्छ होती आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी घाई केली नाही. त्यांनी भाच्याची आधीची सगळी कागदपत्रे वाचली, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा म्हणजे एचबीए१सीचा आलेख स्वतः काढला आणि रात्री साखर एकदम उतरण्याचे प्रसंग किती वेळा येतात हे खोदून विचारले. “इन्सुलिन स्वतःहून एक युनिटही कमी करायचे नाही,” हे त्यांनी आईला आणि मुलाला वेगवेगळे बजावले. त्यांनी सी-पेप्टाइडची चाचणीही लिहून दिली आणि ती लिहून देणे योग्यच होते. शरीर स्वतःचे इन्सुलिन तयार करते तेव्हा आधी प्रोइन्सुलिन बनते आणि ते तुटून इन्सुलिन व सी-पेप्टाइड समप्रमाणात बाहेर पडतात. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते. म्हणून बाहेरून इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचे स्वादुपिंड अजून काही काम करते का, हे या एका चाचणीवरून कळते. भाच्याचे सी-पेप्टाइड जवळजवळ नाहीच, हे आम्हाला आधीपासून माहीत होते.

डॉक्टरांनंतर समुपदेशकांची पाळी आली आणि सेवेचा दर्जा तिथे घसरला. त्यांनी पुढे केलेल्या रंगीत माहितीपत्रकाच्या मधल्या पानावर एका पांढऱ्या उंदराचे चित्र होते आणि त्याखाली साखरेचा आलेख. चारशेच्या वर गेलेली रेषा स्टेम सेल दिल्यानंतर उतरत उतरत शंभराच्या आसपास येऊन स्थिरावलेली दाखवली होती. खाली “प्राण्यांमध्ये सिद्ध” असे ठळक अक्षरांत छापले होते. कोणत्या पेशी, कोणत्या जातीचे उंदीर, पेशी शरीरात कुठे ठेवल्या, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. मी विचारले तेव्हा समुपदेशक नम्रपणे म्हणाले, “ताई, स्टेम सेल शरीरात गेल्या की जिथे गरज असते तिथे आपोआप पोहोचतात आणि तसे रूप घेतात.” ज्यांच्यावर घरातल्या कुणाच्या आयुष्याचा निर्णय अवलंबून आहे, अशा लोकांसमोर हे वाक्य उच्चारले जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी त्या उंदराकडेच जावे लागते.

प्रयोगशाळेत उंदराला मधुमेही करण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिनचे इंजेक्शन. हे द्रव्य थंड आम्लधर्मी सायट्रेट बफरमध्ये आयत्या वेळी विरघळवावे लागते आणि लगेच टोचावे लागते, कारण तयार द्रावण फार काळ टिकत नाही. ते ग्लुकोजच्याच वाटेने स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत शिरते आणि त्यांना मारते. काही दिवसांतच फरक दिसू लागतो. पिंजऱ्यातले साळीचे तूस सकाळी बदलले तरी संध्याकाळपर्यंत ओले होते, पाण्याच्या बाटल्या दुप्पट-तिप्पट वेगाने रिकाम्या होतात, जनावर खाते पण वजन उतरते आणि केस विस्कटलेले दिसतात. शेपटीच्या टोकाला सुई टोचून आलेला थेंब साध्या ग्लुकोमीटरच्या पट्टीला लावला, तर कधीकधी आकड्याऐवजी नुसते ‘हाय’ असे अक्षर दिसते, म्हणजे साखर यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेली असते. मात्र याच उंदरांत एक अडचण असते आणि ती माहितीपत्रकावरून कधीच कळणार नाही. स्ट्रेप्टोझोटोसिनमुळे सगळ्याच बीटा पेशी मरतात असे नाही. मात्रा थोडी कमी पडली किंवा काही पेशी वाचल्या, तर काही उंदरांची साखर कोणताही उपचार न करताही हळूहळू खाली येते. म्हणून साखर उतरल्याचा नुसता आलेख हा प्रत्यारोपण यशस्वी झाल्याचा पुरावा होत नाही.

काळजीपूर्वक काम करणारे संशोधक ही शंका फेडण्यासाठी पेशी अशा जागी ठेवतात की त्या नंतर काढता याव्यात. मूत्रपिंडावरील पातळ आवरणाखाली पेशी सोडणे ही त्यांतली जुनी आणि विश्वासाची जागा आहे. उंदराची साखर बरेच आठवडे सामान्य राहिली की तेवढेच मूत्रपिंड काढले जाते. एका मूत्रपिंडावर उंदीर जगू शकतो. त्यानंतर साखर पुन्हा वर उसळली, तर ती खाली ठेवणाऱ्या पेशी त्या मूत्रपिंडावरच होत्या हे निःसंशय ठरते. नाही उसळली, तर उंदराचे स्वतःचे स्वादुपिंड सावरले होते आणि प्रत्यारोपणाला श्रेय देता येत नाही. दुसरी कसोटी सी-पेप्टाइडची. उंदराच्या रक्तात मानवी सी-पेप्टाइड सापडले आणि ग्लुकोज दिल्यावर ते वाढले, तर मानवी पेशी खरोखर इन्सुलिन बनवत आहेत. माहितीपत्रकातील आलेखावर शेवटी पुन्हा वर जाणारी रेषा नव्हती आणि मानवी सी-पेप्टाइडचा आकडाही नव्हता. मी समुपदेशकांना विचारले, “पेशी काढून टाकल्यावर साखर पुन्हा वाढली का?” त्यांना प्रश्नाचा रोख कळला नाही, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही; ते पान त्यांच्या हाती देणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता.

या शास्त्राने अशा कसोट्या ठेचा खात खात उभ्या केल्या आहेत. २००१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात उंदराच्या भ्रूणापासून मिळवलेल्या मूळ पेशींपासून इन्सुलिन असलेल्या पेशी तयार केल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि जगभर आशा उंचावल्या. दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, हार्वर्डमधील डग्लस मेल्टन यांच्या गटाने त्याच नियतकालिकात दाखवून दिले की अशा पेशींमध्ये दिसणारे इन्सुलिन त्या ज्या पोषक द्रवात वाढवल्या होत्या त्यातूनच शोषलेले असू शकते; इन्सुलिन दाखवणाऱ्या रंगाने पेशी रंगल्या म्हणजे त्यांनी ते तयार केले असे होत नाही. मेल्टन यांच्या दोन्ही अपत्यांना टाइप १ मधुमेह आहे. ज्याच्या घरात हा आजार आहे, त्यानेच खोट्या आशेला सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे तपासले, हे मला या साऱ्या इतिहासातले फार मोलाचे वाटते.

पुढचा टप्पा २००८ चा. सॅन डिएगोच्या नोव्होसेल या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मानवी भ्रूणीय मूळ पेशींपासून स्वादुपिंडाच्या पूर्वपेशी तयार केल्या आणि त्या उंदरांत रोवल्या. सुमारे तीन महिन्यांत त्या तिथेच परिपक्व होऊन ग्लुकोजला प्रतिसाद देऊ लागल्या. या प्रयोगाची रचना पाहण्यासारखी आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन उंदराच्या बीटा पेशींना जितके घातक असते तितके मानवी बीटा पेशींना नसते, म्हणून संशोधकांनी आधी मानवी पेशी रोवून वाढू दिल्या आणि मगच हे द्रव्य टोचून उंदराच्या स्वतःच्या बीटा पेशी मारल्या. साखर तरीही वाढली नाही. रोपण काढल्यावर मात्र ती झपाट्याने वाढली. याच कामात काही उंदरांत टेराटोमा नावाच्या गाठीही झाल्या आणि शोधनिबंधात त्या लपवलेल्या नाहीत. पूर्ण घडण न झालेली मूळ पेशी तशीच शरीरात गेली तर ती कोणतेही रूप घेऊ शकते, आणि गाठ होणे हा त्यातला खरा धोका आहे. “गरज असेल तसे रूप घेतात” या वाक्यावर माझा आक्षेप आहे तो यामुळे.

२०१४ मध्ये मेल्टन यांच्या गटाने आणि त्याच वर्षी अलिरेझा रेझानिया, टिमोथी किफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, अशा दोन स्वतंत्र चमूंनी, प्रयोगशाळेतच ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या बीटासदृश पेशी मोठ्या संख्येने तयार करण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. रेझानिया यांच्या पद्धतीत सात टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर ठरावीक रसायने, ठरावीक क्रमाने आणि ठरावीक वेळेपुरती द्यावी लागतात, कारण गर्भात स्वादुपिंड ज्या वाटेने घडते तीच वाट बशीत पुन्हा चालवावी लागते. या पेशींनी उंदरांतला मधुमेह ४० दिवसांच्या आत उलटवला. पूर्वपेशींना जेवढा वेळ लागे त्याच्या साधारण एक चतुर्थांश. आठवड्यांची ही घडण आणि केंद्रात देऊ केलेला उपचार यांची तुलना करून पाहावी. भाच्याला देऊ केलेला उपचार म्हणजे त्याच्याच पोटावरील चरबीतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशी (चरबी, अस्थिमज्जा अशा ठिकाणी सापडणाऱ्या एक प्रकारच्या मूळ पेशी) त्याच दिवशी वेगळ्या करून सलाइनमधून शिरेत सोडणे, एवढाच होता. त्या पेशी बीटा पेशी नाहीत, त्यांना बीटा पेशी करण्याचा एकही टप्पा त्यात नाही, आणि शिरेतून दिलेल्या अशा पेशींचा मोठा भाग आधी फुप्फुसांतच अडकतो, हेही प्राण्यांवरील प्रयोगांतूनच माहीत झालेले आहे. स्वादुपिंडाची वाट त्यांना कोण दाखवणार?

मेसेन्कायमल पेशींवरचे संशोधन निरर्थक आहे असा याचा अर्थ नाही, आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या पेशी रोगप्रतिकारशक्तीचा जोर कमी करू शकतात, आणि ज्यांच्या शरीरात काही बीटा पेशी अजून शिल्लक आहेत त्यांना त्याचा उपयोग होईल का हा खरा प्रश्न आहे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी नुकतेच निदान झालेल्या प्रौढांना त्यांच्याच अस्थिमज्जेतील अशा पेशी दिल्या आणि पहिल्या वर्षात सी-पेप्टाइडचा प्रतिसाद टिकून राहिल्याचे २०१५ मध्ये नोंदवले. पण तो अभ्यास लहान होता, रुग्ण नव्याने निदान झालेले होते आणि उद्दिष्ट उरलेल्या पेशी वाचवण्याचे होते. ज्याच्याकडे वाचवायला काही उरलेलेच नाही, अशा माझ्या भाच्याला हा पुरावा लागू होत नाही. केंद्राने सी-पेप्टाइड तपासले, ते शून्याजवळ आले, आणि तरीही उपचाराच्या प्रस्तावात एका अक्षराचा फरक पडला नाही, ही या सेवेतली माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर त्रुटी आहे.

उंदरांबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मानवी पेशी रोवण्यासाठी वापरले जाणारे बहुतेक उंदीर जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या जातींचे असतात, नाहीतर त्यांचे शरीर परक्या पेशींना टिकूच देणार नाही. टाइप १ मधुमेहात अडचण दुहेरी असते: परक्या पेशींवर हल्ला होतोच, शिवाय स्वतःच्या बीटा पेशींवरही शरीर उलटलेले असते. म्हणून स्वतःच्या चरबीतल्या पेशी असल्याने धोका नाही, हा युक्तिवादही अर्धाच खरा आहे. त्या पेशी उद्या खरोखर बीटा पेशी झाल्या तर तोच जुना हल्ला त्यांच्यावरही होऊ शकतो. यावर उपाय शोधण्याचे कामही प्राण्यांवरच झाले. २०१६ मध्ये एमआयटी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या आणि रासायनिक बदल केलेल्या अल्जिनेटच्या सूक्ष्म गोळ्यांत मानवी बीटासदृश पेशी बंद करून त्या प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरांत ठेवल्या. ग्लुकोज आणि इन्सुलिन गोळीतून आरपार जाते, पण हल्लेखोर पेशींना आत शिरता येत नाही. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे न देता या उंदरांची साखर १७४ दिवस, म्हणजे प्रयोग संपेपर्यंत, आटोक्यात राहिली. अल्जिनेटसारख्या पदार्थाभोवती उंदराच्या शरीराने व्रणाचे आवरण चढवू नये म्हणून त्याची असंख्य रूपे तपासली गेली, त्यातून हे एक निवडले गेले.

उंदरांनंतर माकडे आणि माकडांनंतर माणसे, हा क्रमही पाळला गेला आहे. पेकिंग विद्यापीठातील डेंग होंगकुई यांच्या गटाने रासायनिक पद्धतीने घडवलेल्या मूळ पेशींपासून तयार केलेली मानवी बीटा-पेशीपुंजांची रोपणे मधुमेही मकाक माकडांत तपासली आणि ते काम २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. २०२४ मध्ये तिआनजिन येथील एका तरुण स्त्रीच्या स्वतःच्या पेशींपासून बनवलेले असे पुंज तिच्या पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवल्याचे आणि अडीच महिन्यांनी तिला बाहेरून इन्सुलिन घेण्याची गरज न उरल्याचे वृत्त आले. मात्र तिचे पूर्वी यकृत-प्रत्यारोपण झालेले असल्याने ती आधीपासूनच प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेत होती. हा तपशील वगळून ही बातमी सांगणे योग्य नाही. अमेरिकेतील व्हर्टेक्स कंपनीच्या झिमिस्लेसेल या पेशी-उपचाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षअखेरीस इन्सुलिनशिवाय होते. पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडल्या गेल्या आणि सर्वांना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागली. अभ्यासात दोन मृत्यूही झाले, त्यांतला एक बुरशीजन्य मेंदूज्वराने. एवढ्या मोठ्या यशाचीही किंमत आहे आणि ती लेखी मांडलेली आहे. आम्हाला दिलेल्या माहितीपत्रकात धोक्यांसाठी एकच ओळ होती: “किरकोळ ताप येऊ शकतो.”

आता कागदपत्रांविषयी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी केले जाणारे रक्तजनक मूळ पेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर इतर आजारांवरचा स्टेम सेल वापर केवळ मंजूर चाचणीच्या चौकटीतच व्हायला हवा. मधुमेह त्या अपवादात येत नाही. चाचणी म्हटली की तिची भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत जाहीर नोंद हवी, नैतिकता समितीची मंजुरी हवी, आणि प्रायोगिक उपचाराचे पैसे सहभागी व्यक्तीकडून घेतले जाऊ नयेत. आम्ही नोंदणी क्रमांक मागितला; तो मिळाला नाही. संमतीपत्र घरी नेऊन वाचण्याची विनंती केली. ते उपचाराच्या दिवशीच दाखवले जाईल असे सांगण्यात आले. खर्चाचा आकडा मात्र त्याच बैठकीत, हप्त्यांच्या सोयीसह, लगेच मिळाला. आकडा मी इथे देत नाही, पण मध्यमवर्गीय घराला कर्ज काढायला लावणारा तो होता, आणि अपेक्षित परिणाम न दिसल्यास ‘दुसरी मात्रा’ वेगळ्या पैशांत सुचवण्यात आली होती.

भाच्याने त्या बैठकीत एकच प्रश्न विचारला आणि तो मला आमच्या सगळ्यांच्या प्रश्नांपेक्षा नेमका वाटला. तो म्हणाला, “मावशी, यांनी ज्या उंदराला बरे केले, त्याला दिलेल्या पेशी मला देणार आहेत का?” उत्तर ‘नाही’ असे होते, आणि समुपदेशकांनीही शेवटी ते मान्य केले. बहिणीला ते ऐकणे जड गेले. तिची समजूत घालण्याचे काम घरी आम्हाला करावे लागले, ते खरे तर त्या खोलीतच, तज्ज्ञांकडून व्हायला हवे होते.

सेवेचे मूल्यमापन करायचे तर डॉक्टरांच्या तपासणीला मी चांगले गुण देईन, समुपदेशनाला आणि माहितीपत्रकाला नाही. एकंदरीत पाचपैकी दोन. निव्वळ मधुमेहाच्या दुसऱ्या मतासाठी कुणी गेले तर डॉक्टरांचा सल्ला उपयोगी पडेल. स्टेम सेल उपचाराच्या विचाराने जाणाऱ्यांनी मात्र आधी नोंदणी क्रमांक मागावा आणि तो मिळेपर्यंत कोणतीही अनामत रक्कम भरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याबरोबर पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत, त्या इन्सुलिन बनवतात याचा सी-पेप्टाइडवर आधारलेला पुरावा आहे का, त्या शरीरात कुठे जाणार आहेत आणि प्रतिकारशक्तीचा बंदोबस्त कसा केला जाणार आहे, हे लेखी विचारावे. हेच प्रश्न मी केंद्राला ई-मेलने पाठवले आहेत आणि उंदराचा तो आलेख कोणत्या शोधनिबंधातून घेतला आहे हेही विचारले आहे. हे परीक्षण लिहीपर्यंत तपासणी शुल्काची पावती आणि दुसऱ्या भेटीची आठवण करून देणारे दोन संदेश आले आहेत. प्रश्नांची उत्तरे आली, तर ती जशीच्या तशी इथे जोडेन आणि आवश्यक असेल तिथे माझे गुणही बदलेन.